तीन हातांचा पायबंद

"दोरी तुम्हीच कापायची, कुल्याशआपा," नाझिपा म्हणाली, आणि कुल्याशच्या बोटांतलं चॉकलेट खोक्यातल्या खाचेत बसायचं ते टेबलावर पडलं. चॉकलेट पडणं नवं नव्हतं. पडलेलं इतरांना दिसणं नवं होतं. तिनं ते उचलून बाजूच्या डब्यात टाकलं, दुसरं उचललं, आणि जणू ऐकलंच नाही असे हात चालू ठेवले. पण टेबलाभोवतीच्या बायकांचे हात थांबले होते. नाझिपा, त्यांच्या पाळीची मुकादम, वयानं कुल्याशपेक्षा बरीच लहान आणि आवाजानं सगळ्यांत मोठी, कमरेवर हात ठेवून उत्तराची वाट बघत होती. गेले काही दिवस अल्माटीतल्या त्या चॉकलेट फॅक्टरीत, हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खोलीएवढ्या काचेच्या कपाटात, एक रोबो बसवणं चाललं होतं. वरच्या चौकटीला उलटा टांगलेला. तीन बारीक काळे हात, खाली एकत्र येऊन बशीएवढ्या चकतीला धरून राहिलेले, आणि चकतीला रबराच्या चोखण्या. पट्ट्यावरून येणारी चॉकलेटं त्या चोखण्यांनी उचलून तो खोक्यात ठेवणार होता, म्हणजे आजवर जे या टेबलावर चालायचं तेच. बायकांनी आधी त्याच्याकडे बघून नाकं मुरडली, मग त्याला मनसोक्त शिव्या घातल्या, आणि शिव्या संपल्यावर त्याचं नाव ठेवलं बोता, म्हणजे उंटाचं पिल्लू. आपल्या पोरांनाही त्या लाडात आल्या की बोताच म्हणत. एकदा नाव ठेवलं की पुढचं सगळं आलंच. उद्या सकाळी तो पहिल्यांदा चालणार होता, आणि कझाक घरात लेकरू चालायला लागलं की त्याच्या पायांत काळ्या-पांढऱ्या धाग्याची दोरी बांधून ती कापल्याशिवाय त्याला पहिलं पाऊल टाकू देतात का कुठे?

दोरी कोण कापतं हेच त्यातलं मुख्य. ज्याची चाल सरळ, ज्याच्या पायगुणानं घरात बरं वाटतं, असं माणूस शोधतात, कारण कापणाऱ्याची चाल लेकराच्या अंगात उतरते. कुल्याशला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. डावा पाय टाकला की तिची कंबर एका अंगाला खचायची आणि खांदा तिला सावरायला उलट्या अंगाला जायचा. हॉलमध्ये ती दारातून आत येताना मान वर न करताही बायकांना कळायचं की कुल्याश आली. जन्मतःच खुबा निसटलेला होता आणि कुणी वेळेवर बघितलं नाही, असं अल्माटीतल्या एका डॉक्टरनं तिला ती अठरा वर्षांची झाल्यावर सांगितलं. आईचं म्हणणं निराळं होतं. वडील घोड्यांच्या सरकारी फार्मवर, कम्युनिस्ट पक्षाचं माणूस. असली खुळं माझ्या घरात चालायची नाहीत, असं म्हणून त्यांनी पोरीची दोरी कापू दिली नव्हती. तुझ्या पायात ती अजून आहे, आई म्हणायची, रागानं नव्हे, केस विंचरता विंचरता, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. कुल्याशचा यावर विश्वास नव्हता. पण अजिबात नव्हता असंही म्हणता येणार नाही, कारण लहानपणी ती अंथरुणात पाय चाचपून बघायची.

तिनं मान वर न करता सांगितलं की झिनाला सांगा, झिना ताठ चालते. हे तिच्या तोंडून इतकं चटकन आलं की तिला स्वतःलाच ते ओळखीचं वाटलं. समोर बसलेली झिना म्हणाली, "माझ्या हातून कापलीत तर तो तासातासाला सिगारेट ओढायला बाहेर जाईल." बायका हसल्या. नाझिपा हसली नाही. ती टेबलावर वाकली आणि आवाज जरा खाली आणून म्हणाली, "आपा, त्याला पाय आहेत कुठे? नुसते हात आहेत. आणि हात म्हणाल तर या हॉलमध्ये तुमच्यासारखे आहेत कुणाचे?" कुणी तोंडावर कौतुक करावं आणि त्याच वाक्यात दुखऱ्या जागी बोटही ठेवावं, आणि तेही मनात काही वाईट नसताना, असं झालं की माणसाला रागावताही येत नाही. बरं, म्हणाली ती, आणि उरलेली पाळी तिनं नेहमीपेक्षा भराभर खोकी भरली.

ट्रॉलीबस वर, डोंगराच्या बाजूला चढत होती आणि कुल्याश खिडकीशी बसून आपल्या हातांकडे बघत होती. यंत्रासाठी मी चालते, तिच्या मनात आलं. लेकरांसाठी नाही, यंत्रासाठी. मग तिला वाटलं, हे काही खरं नव्हे, लेकरांसाठी तरी तुला नको कुणी म्हटलं? आठवून बघितलं तर कुणीच म्हटलं नव्हतं. तशी वेळच ती येऊ द्यायची नाही. लग्नात नाच सुरू व्हायच्या आधी ती उठून चहाच्या समोवारचा ताबा घ्यायची. मग तिला कुणी नाचायला ओढलं नाही याचं कुणालाच वाईट वाटायचं कारण उरत नसे. फोटोसाठी सगळे उभे राहायला लागले की कॅमेरा मी धरते म्हणायची. कुणी आपल्याला वगळावं आणि वगळताना त्याचं तोंड ओशाळं व्हावं, ते बघण्यापेक्षा आपणच काढता पाय घेतलेला बरा. आणि या कामात तिचा हात कुणी धरू शकलं नसतं. लोक म्हणत, कुल्याश किती समजूतदार. समजूतदार म्हणवून घेण्यात एक ऊब असते, त्या उबेत तिचं आयुष्य बरं चाललं होतं.

एकदाच ही युक्ती फसली होती. सागिंदिक फॅक्टरीचा ट्रक चालवायचा. त्यानं एका संध्याकाळी फाटकाशी तिला थांबवून, टोपी हातात घेऊन, आपल्याशी लग्न करतेस का विचारलं, तेव्हा तिनं एक क्षणही न घालवता सांगितलं की माझी धाकटी बहीण माझ्याहून देखणी आहे, चालायलाही ठीक आहे, तिला बघून ये. तो खरंच गेला. शंभर मैल ट्रक हाकून गेला, तिच्या आईच्या हातचं जेवला, बहिणीला बघितलं, आणि परत येऊन फाटकाशी उभा राहिला. "जेवण झकास होतं," तो म्हणाला, "पण मी तुझ्याबद्दल विचारलं होतं." त्याच्याशीच तिनं लग्न केलं. त्याच्यासारखं माणूस पुन्हा भेटलं नाही, आणि तो जाऊनही आता पुष्कळ वर्षं झाली. बाकीचे सगळे सभ्य होते. ती नको म्हणाली की ते बरं म्हणत. तिच्या एकुलत्या एका मुलाची, एरबोलची दोरी कापली त्या दिवशीही ती स्वतःहून स्वयंपाकघरात बाउरसाक, कणकेचे फुगणारे गोळे, तळत बसली होती, आणि बाहेर बायकांचा कल्ला झाला तेव्हा तिला कळलं की आपला मुलगा चालला. तेल तापलेलं होतं, सोडून जाता येईना. निदान तेव्हा तिनं स्वतःला असंच सांगितलं. आणि आता रविवारी त्या एरबोलच्या मुलीची, झानेलची दोरी कापायची होती. आणि सुनेनं अजून विषयही काढला नव्हता तेव्हा कुल्याशच म्हणाली होती, दिनाराला बोलाव. दिनारा सुनेची मामेबहीण, रोज पहाटे डोंगरातल्या मेदेउच्या पायऱ्या धावत चढणारी, हरणासारखी पोरगी. सून, मेरुएर्त, हातातली बशी पुसत क्षणभर थांबली आणि बरं म्हणाली. बसमध्ये कुल्याशला ती थांबलेली बशी आठवत राहिली आणि तिचा थांबा निघून गेला.

बुधवारी सकाळी पट्टे धुवायच्या आधी सगळ्या काचेच्या कपाटाशी जमल्या. पॅकिंगच्या हॉलमध्ये कात्री आणायला सक्त मनाई. नाझिपानं ती आपल्या जबाबदारीवर आणली होती आणि रुमालात गुंडाळून धरली होती. रोबो बसवायला आलेला त्यान, अल्माटीतच जन्मलेला कोरियन पोरगा, आधी त्याला वाटलं की बायका आपली गंमत करताहेत. नंतर तो म्हणाला, "चॉकलेटचा हॉल, आणि त्यात कात्री आणि लोकर. माझ्या साहेबाला कळलं तर तो माझीच दोरी कापेल." पण त्याचीही लहानपणी शेजारच्या कझाक आजीनं कापली होती म्हणे, तेव्हा त्यानं मोटारींची वीज बंद केली, खटक्याला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली आणि दार उघडून दिलं. मग निराळाच प्रश्न उभा राहिला. दोरी दोन पायांना बांधतात, याला हात तीन. दोनालाच बांधली तर तिसरा नंतर आडवा येईल, असं एकीचं म्हणणं; तिघांना गोल गुंडाळली तर कापायची कुठे, असं दुसरीचं. झिनानं सुचवलं की तिसऱ्याला तसाच सोडा, घरात एक तरी उनाड हवाच. यावर बराच वाद झाला, आणि तो चालू असताना कुल्याश आपल्या नकळत म्हणाली, की घोड्याला बांधतात तसं बांधा, आणि बोलून गेल्यावर सगळ्या तिच्याकडे बघताहेत म्हटल्यावर तिनं लोकरीचा धागा हातात घेतला.

तीन पायांचा पायबंद बांधायला तिला कुणी शिकवलं नव्हतं. वडील बांधायचे ते ती बघायची. दोन पुढचे पाय आणि एक मागचा. घोड्याला चरता येतं पण दूर जाता येत नाही. सगळा कळप संध्याकाळपर्यंत त्या बांधलेल्या पायांनी कुरणावर खुरडत फिरायचा, अंग खचवत, मान हलवत. तिला ते घोडे फार आवडायचे. ते तिच्यासारखे चालत. शाळेतली पोरं, बहीण, आई, सगळं जग सरळ चालायचं, आणि त्या कुरणावर मात्र शंभर जनावरं तिच्या चालीनं चालत होती, आणि त्यांच्यात ती उभी राहिली की ती कुणीच वेगळी नसायची. संध्याकाळी वडील येऊन एकेकाचा पायबंद सोडत. सुटलेला घोडा आधी एक-दोन पावलं तसाच खुरडायचा, त्याला कळायचंच नाही. मग कळायचं, आणि तो असा सुटायचा की जमीन हादरे. तेव्हा ती वडिलांच्या मागं जाऊन उभी राहायची. नुसती रांगेत शेवटची उभी असावी तशी उभी राहायची. वडील मागं वळून म्हणत, चल घरी, गार पडतंय. इतकं सगळं तिला त्या कपाटासमोर आठवलं, आणि तिच्या बोटांनी मात्र न चुकता गाठ मारली, तिन्ही काळ्या हातांना मिळून एक.

कात्री छोटी होती. धागा कापताना काहीच आवाज झाला नाही, नुसती तीन टोकं लोंबली. त्याननं ब्रेक सोडायचं बटण दाबून धरलं आणि सांगितलं, आता हलवा, हातानं हलतो. कापणाऱ्यानं लेकराला धरून चालवायचं असतं ना. तिनं चकती दोन बोटांत धरली. तिला वाटलं होतं लोखंड असेल, जड असेल, ओढावं लागेल. ती अगदीच हलकी निघाली. झोपेतल्या मुलाचं मनगट धरावं, तेवढंच वजन. जिकडे न्यावी तिकडे ती येत होती, कुठेही न अडता, वर, खाली, आडवी. तीनही हात वर आपापसांत मिटत होते, उलगडत होते, आणि तिच्या बोटांना त्यातलं काही जाणवत नव्हतं. तिनं चकती पट्ट्यावर नेली, मग खोक्यावर, मग पुन्हा पट्ट्यावर. हेच ती करत आली होती. उद्यापासून हा करणार. झिना घरी बसणार, दोघी वेफरच्या विभागात जाणार, आणि कुल्याशनं म्हणे त्याच्याजवळ थांबून कागद फाटलेली, त्यानं मागं ठेवलेली चॉकलेटं वेचायची. तिला त्याचा राग यायला हवा होता. आला नाही, माया आली, उघडउघड माया, आणि मायेबरोबर भीतीही आली. ती त्या चकतीशी वाकून, आपण हळू बोलतोय असं समजून, पण सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्यानं बोलली. "हात माझे घे, बोता. पाय माझे घेऊ नकोस."

कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मधेच थांबली. नाझिपा खाली बघू लागली. मग झिनानं पुढं होऊन कोटाच्या खिशातून मूठभर चॉकलेटं काढून, शुभकार्यात उधळतात तशी वर उधळली, तशा सगळ्या नेहमीसारख्या ती वेचायला वाकल्या आणि वेळ निभावून गेली. पण कुल्याशला आपलंच वाक्य ऐकू येत राहिलं. म्हणजे तिला तेव्हा कळलं, की तिला कुणी लेकराची दोरी कापायला विचारलं असतं तरी तिनं हेच म्हटलं असतं. लोकांना तिनं वगळायची संधी दिली नव्हती असं ती समजत होती. तिला वगळणारी पहिल्यापासून ती एकटीच होती.

रात्रीच्या जेवणाला तिनं हा प्रसंग गंमत म्हणून सांगितला. झिनाची सिगारेट, त्यानचा साहेब, सगळं नकला करून. एरबोल हसून हसून लाल झाला. मेरुएर्त हसली नाही. तिनं चहाचा पेला सासूपुढं ठेवला, आणि एरबोल पोरीला झोपवायला आत गेल्यावर म्हणाली, "आपा, मी तुम्हालाच विचारणार होते."

"काय विचारणार होतीस?"

"झानेलची दोरी. त्या दिवशी बशा पुसताना मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही दिनाराचं नाव घेतलंत. मला वाटलं, तुम्हाला नकोय."

कुल्याशनं चहाचा घोट घेतला. तो फार गरम होता. मला नकोय असं कसं वाटलं तुला, असं ती म्हणणार होती, पण दुसरं वाटणार तरी काय होतं? मेरुएर्त पुढं म्हणाली की आता दिनाराला सांगून झालंय, तिनं ड्रेसही शिवलाय, माझ्या आईनं सगळ्या नातेवाइकांना कळवलंय. आता कसं बदलायचं? मेरुएर्तचे डोळे भरले होते, आणि कुल्याशनं सवयीनं तिची समजूत घातली, की अगं दिनाराच बरी, किती छान चालते ती. बोलता बोलता तिला आपल्या तोंडाची शिसारी आली.

गुरुवारी बोता पूर्ण वेगानं चालला. हात दिसतच नव्हते. चॉकलेट पट्ट्यावर असायचं आणि मग खोक्यात असायचं, मधलं डोळ्यांना पकडता येत नव्हतं. वेफरच्या विभागातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत बघायला आल्या. एकदाही तो अडखळला नाही, एका अंगाला गेला नाही. "ऐकलंन बरं का तुमचं," नाझिपा काचेशी उभी राहून म्हणाली, "हात घेतले, बाकी काही घेतलं नाही." ती थट्टा करत होती की नाही कुणास ठाऊक. कुल्याशनं एक फाटका कागद वेचला आणि काचेत बघत राहिली. ते यंत्र आहे, त्याला खुबा नाही, तो काय घेणार, हे तिला कळत होतं. त्यानला विचारलं असतं तर त्यानं आकृती काढून दाखवलं असतं. तरीसुद्धा तिला असं वाटत राहिलं, की आयुष्यात पहिल्यांदा आपल्या हातून कुणाचीतरी दोरी सुटली आणि त्याचं वाईट झालं नाही. हे वाटणं तिनं शुक्रवारीही जपलं आणि शनिवारीही, पीठ मळताना.

रविवारी घर भरून गेलं. खोलीच्या मधोमध पांढरं कापड अंथरलं होतं आणि त्याच्या एका टोकाला झानेल, मखमली जाकिटात, बांधलेल्या पायांकडे नवलानं बघत, आईच्या हाताला धरून उभी होती. कुल्याश बाउरसाकचं ताट घेऊन स्वयंपाकघराच्या दारात होती. आत तेल तापलेलं होतं. तिनंच ठेवलं होतं ते तापत, नेमकं या वेळी, आणि ठेवताना तिला कळलंही नव्हतं. दिनारा नव्या ड्रेसमध्ये पुढं आली, गुडघ्यांवर बसली, विहिणीनं तिच्या हातात कात्री दिली. म्हाताऱ्यांनी आशीर्वादासाठी तळवे उघडले. कुल्याशचा उजवा पाय आत वळला. मग तिनं ताट जवळच्या कपाटावर ठेवलं, ते जरा आपटलंच, आणि सगळ्यांनी वळून बघितलं.

"दिनारा," ती म्हणाली, "कात्री मला दे. मी कापणार आहे."

असं कुणी मागत नसतं. बोलावणं यावं लागतं; मागणं म्हणजे भर पाहुण्यांत हात पसरणं. विहीण घसा साफ करून म्हणाली, "विहीणबाई, वाईट वाटून घेऊ नका, पण पोरीचं सगळं आयुष्य जायचंय, आणि चाल..." आणि पुढचं तिनं गिळलं. इतकी वर्षं जे ऐकू येऊ नये म्हणून कुल्याश धडपडली होती ते हेच, आणि ऐकू आल्यावर ते एवढंसंच निघालं. ती जिथे होती तिथेच राहिली. "माझी चाल मलाच राहू दे," ती म्हणाली. "तिला मी दुसरं देईन. पण कापणार मी." मेरुएर्तनं दिनाराकडे बघितलं. दिनारा उठली, कात्री उलटी धरून तिनं ती पुढं केली, आणि कापडावरून बाजूला झाली.

कापडापर्यंत जायचं म्हणजे सगळी खोली ओलांडायची होती. ती ओलांडताना तिनं कशाचा आधार घेतला नाही, पावलं लहान केली नाहीत, खांदा जिकडे जातो तिकडे जाऊ दिला. खाली बसायला तिला वेळ लागला. धागा कापला. झानेलचे दोन्ही हात धरून ती उठली, उलट्या पावलांनी मागं सरकू लागली, आणि ती ज्या अंगाला कलायची त्या अंगाला पोरगीही कलायची, आणि विहिणीनं तोंडावर हात ठेवला. दोन-तीन पावलांनंतर झानेलनं स्वतःच तिचे हात झटकले. एक पाऊल टाकलं, आणखी एक टाकलं, आणि धपकन बसली. चारी बाजूंनी बायका उचलायला धावल्या.

"उचलू नका कुणी," कुल्याश म्हणाली. "उठेल ती."

आणि ती कापडाच्या मधोमध, सगळ्यांना दिसेल अशी, डाव्या पायावर भार टाकून वाट बघत उभी राहिली. आत तेल जळायला लागलं होतं.